पाहुण्यांच्या पोटातलं

गिरगाव चौपाटी आमच्या चाळीपासून चालत दहा मिनिटांवर आहे. आई लग्न होऊन या चाळीत आली आणि सत्तरी ओलांडेपर्यंत चौपाटीवर गेली ती फक्त गणपती विसर्जनाला, तेही गर्दीत, चप्पल हरवेल म्हणून पायांकडे बघत. हे सांगितलं की लोकांना खोटं वाटतं. पण माझी आजी बरीच वर्षं अंथरुणाला खिळून होती, ती गेली आणि वडील आजारी पडले. दोघांचं सगळं आईने केलं. मी फोर्टमधल्या एका विमा कचेरीत नोकरी करत होते, दादा लग्न करून ठाण्याला गेला होता. आईच्या वाट्याला समुद्र आला तो पावसाळ्यात कपडे न वाळण्यापुरता.

वडील गेल्यावर डॉक्टरांनी तिला साखरेसाठी रोज चालायला सांगितलं. खालच्या मजल्यावरच्या काकू सकाळी चौपाटीवर जायच्या, त्या आईला घेऊन गेल्या. नोव्हेंबर महिना होता. मी डबा भरत होते तेव्हा आई परत आली आणि दारातच चप्पल न काढता उभी राहिली.

"अगो, थंय पक्षी इलेत. पांढरे. हातातला खातत."

"सीगल असतील," मी म्हटलं. "दर थंडीत येतात."

"दर थंडीत?" आई म्हणाली. "इतकी वर्सां हे हंयच होते? आणि माका कोणी सांगूक नाय?"

आई मालवणकडची. चारचौघांत ती गिरगावातल्यासारखं शुद्ध बोलते, पण आनंद झाला किंवा राग आला की गावची भाषा तोंडात येते. त्या सकाळी ती कितीतरी वेळ गावच्या भाषेत बोलत होती.

त्यानंतर तिच्या दिवसाला एक वेळ मिळाली. इतकी वर्षं तिचा दिवस दुसऱ्याच्या औषधांच्या वेळांनी चालला होता. आता ती पहाटे उठून आंघोळ करायची, काकूंची वाट न बघता निघायची. मी तिला मोबाइलवर शोधून दिलं की या पक्ष्याला मराठीत कुरव म्हणतात, ते हिमालयापलीकडून येतात आणि उन्हाळा लागला की परत जातात. कुरव हा शब्द तिला काही रुचला नाही. ती त्यांना पाहुणे म्हणायची. मार्चमध्ये ते गेले की ती दोन-तीन दिवस गप्प असायची, आणि ऑक्टोबर सरला की मला विचारायला लागायची, "पाव्हणे इले काय? तुझ्या कचेरीकडसून दिसतत?" माझ्या कचेरीच्या खिडकीतून समोरच्या कचेरीची खिडकी दिसते. पण मी संध्याकाळी बघून येते म्हणायचे.

चौपाटीवर शेव विकणारी एक बाई बसायची. तिच्यापुढे टोपलीत शेवेच्या लहान लहान पिशव्या असायच्या, वर गाठ मारलेल्या. लोक पिशवी घ्यायचे, फोडायचे, शेव हवेत उडवायचे, की पक्ष्यांचा ढग खाली यायचा आणि फोटो निघायचे. आईची त्या बाईशी गट्टी जमली. तिच्या गुडघेदुखीवर आईने तेल नेऊन दिलं. पण शेव मात्र आईने तिच्याकडून कधी घेतली नाही. "पक्ष्यांका मीठ-मसालो कित्याक?" म्हणून ती घरी बिनमिठाची शेव पाडायची आणि स्टीलच्या डब्यातून न्यायची. शेव पाडताना ती लग्नातली जुनी गाणी गुणगुणायची. वडिलांच्या आजारपणात मी तिला गुणगुणताना कधी ऐकलं नव्हतं. मला वाटलं, चला, उशिरा का होईना, हिला काहीतरी स्वतःचं मिळालं.

असे तीन हिवाळे गेले. चौथ्या हिवाळ्यात, जानेवारीत, मी ऑफिसला निघायच्या गडबडीत असताना आईचा फोन आला. आई फोनवर ओरडून बोलते, त्या दिवशी मात्र ती कुजबुजत होती.

"तू ये. एकाक कायतरी झाला हा. टॉवेल घेऊन ये."

मी पोचले तेव्हा ती ओल्या वाळूत बसली होती. साडी भिजलेली. तिच्यापुढे एक कुरव पंख पसरून बसला होता. जवळ गेलं तरी उडत नव्हता. चोच अर्धवट उघडी आणि चोचीतून पातळ पिशवीची एक पट्टी बाहेर लोंबत होती, सुरळी झालेली, लाळेने चिकट. तो मान खाली करायचा, वर करायचा, गिळायला बघायचा. पट्टी ना आत जात होती, ना बाहेर येत होती.

"मी ओढूक गेलंय," आई म्हणाली. "तर आतून कायतरी ओढल्यासारखा झाला. मग हात लावूक धीर होईना."

चौपाटीच्या टोकाला ज्यांच्या होड्या असतात त्यांपैकी एक कोळी तिथे जाळं सोडवत होता. मी त्याला हाक मारली. त्याने पक्ष्याचे पंख अंगाशी नीट मिटले, टॉवेलमध्ये गुंडाळला आणि माझ्या हातात दिला. "वाचणार नाय," तो म्हणाला. "आमच्या जाळ्यात मासळीपेक्षा हेच जास्त येतंय. पन न्या, आजींचं समाधान."

लालबागला एका इमारतीच्या तळमजल्यावर पक्षी-प्राण्यांचा दवाखाना होता. काकूंच्या मुलीने तिचा पोपट तिथे नेला होता, म्हणून ठाऊक. आम्ही टॅक्सी केली. टॅक्सीवाला आधी नको म्हणाला, मग आईचा चेहरा बघून बसा म्हणाला. पक्षी माझ्या मांडीवर होता. इतका हलका, की टॉवेलच जड वाटत होता. भायखळ्याच्या पुलावर ट्रॅफिक तुंबलं होतं. आई एक बोट त्याच्या डोक्यावरून फिरवत होती आणि सारखं म्हणत होती, "इला हां, इला, आता पोचलंव." वडिलांना हॉस्पिटलमध्ये नेताना ती हेच म्हणत होती.

दवाखान्यातली डॉक्टर तरुण मुलगी होती, हाताने चपळ. तिने चिमट्याने पट्टी हळूहळू काढली. ती निघता निघेना. बाहेर आली तेव्हा तिची लांबी त्या पक्ष्याच्या अंगापेक्षा जास्त होती. मग तिने पोट दाबून बघितलं आणि तिचा चेहरा बदलला.

"आत अजून आहे," ती म्हणाली. "कडक लागतंय. ठेवून जा. उद्या बघू."

"खायत काय तो?" आईने विचारलं.

"पोट भरलेलं आहे त्याचं, आजी. त्याला भूक लागत नाही. म्हणूनच एवढा वाळलाय."

आईला ते कळलं नाही. पोट भरलेलं आणि उपासमार, हे दोन्ही एका जिवाला एकाच वेळी कसं असेल, ते ती मला घरी येईपर्यंत विचारत राहिली.

दुसऱ्या दिवशी पक्षी मेला. मला फोन आला, मी आईला नुसतं कळवून टाकते म्हटलं, पण तिला बघायचंच होतं. मी रजा टाकली आणि तिला घेऊन गेले. डॉक्टरने पोट उघडून आतलं सगळं एका पांढऱ्या ट्रेमध्ये धुऊन मांडलं होतं. शेवेच्या पिशवीचे तुकडे, गाठीसकट. फुग्याचा एक फाटका तुकडा. थर्माकोलचे दाणे, जसे गणपतीच्या मखरातून गळतात. गुटख्याच्या पुडीची चकचकीत कड. बाटलीच्या झाकणाखालची गोल कडी. आणि एक लहानसा निळा-पांढरा त्रिकोण.

आईने तो त्रिकोण बोटाने उलटा केला.

"ह्यो दुधाच्या पिशवेचो कोपरो," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "मी रोज कापतंय तो."

"सगळी मुंबई कापते, आई."

"मी पण कापतंय ना?"

डॉक्टर घाईत होती, बाहेर कुत्री-मांजरं घेऊन लोक बसले होते. तिने आईला विचारलं, तुम्ही खायला घालता का यांना? आई हो म्हणाली, आणि वर मोठ्या अभिमानाने सांगितलं की घरची शेव, बिनमिठाची, डब्यातून, पिशवी कधी नेत नाही. डॉक्टरने उसासा टाकला.

"आजी, डबा असो नाहीतर पिशवी, तुम्ही लोक घालता म्हणूनच हे होतं. माणसाच्या हातून पडेल ते खाणं, असं त्यांना तुम्हीच शिकवलंत. हे मासे खाणारे पक्षी. शेव उडाली काय आणि पिशवी उडाली काय, आता त्यांना दोन्ही सारखंच."

ती खोटं बोलली नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. पण सत्तरी पार केलेल्या बाईला, जिच्या हाताला अजून त्या पक्ष्याचा वास येत होता, हे असं तोडून सांगायची गरज होती का? मला त्या मुलीचा राग आला. तो अजून गेलेला नाही. तिची चूक नव्हती म्हणून तर तो जात नाही.

त्या दिवसापासून घरात शेव पाडली गेली नाही. मला वाटलं, आता आई चौपाटीवर जायची थांबेल. ती थांबली नाही. रिकाम्या हाताने जायला लागली आणि लोकांना सांगायला लागली.

आधी ती हळू आवाजात सांगायची. "बाळा, खायला नको घालू रे. पिशवी गिळतात, मरतात." बाळं हसायची. कुणी म्हणायचं, आजी, पुण्य मिळतं. कुणी म्हणायचं, मग पिशव्या बंद करायला सांगा सरकारला, आम्हाला काय सांगता. एक जोडपं आईचं सगळं ऐकून, मान डोलावून, दहा पावलं पुढे गेलं आणि तिथे पिशवी फोडली. शेव विकणारी बाई आधी मान हलवून गिऱ्हाइकाकडे वळायची. मग एके दिवशी म्हणाली, "आजी, तुमच्या पाया पडते. दुसरीकडे जाऊन सांगा ना. माझ्यासमोर उभं राहून गिऱ्हाईक कशाला तोडता? मी काय मुद्दाम मारते का पाखरं?" आईला ते लागलं. ती थोडी लांब उभी राहायला लागली. पण उभी राहिली.

मी तिला म्हणत होते, आई, सोड. ती म्हणायची, "तू तो ट्रे बघितलंस ना?" बघितला होता.

मग फेब्रुवारीतली ती सकाळ. मी नव्हते, काकू होत्या, त्यांनी सांगितलं ते असं. एका तरुण बापाने मुलीला कडेवर घेतलं होतं, बायको समोरून मोबाइलवर शूटिंग करत होती. शेव संपली आणि त्या माणसाने रिकामी पिशवीच हवेत उडवली, पक्ष्यांना चकवायला. एका कुरवाने ती झेपेत पकडली. मुलीने टाळ्या पिटल्या. त्याने दुसरी पिशवी बाहेर काढली आणि आईने पुढे होऊन ती त्याच्या हातातून हिसकावली. पिशवी फुटली, शेव सांडली, पक्षी अंगावर आले, मुलगी घाबरून रडायला लागली. आई ओरडत होती. काकू म्हणाल्या, तिला मी असं ओरडताना आयुष्यात पाहिलं नाही.

ते सगळं शूट झालं होतं आणि मोबाइलवर पसरलं होतं. अर्थात सगळं नव्हे. रिकामी पिशवी उडवली तो भाग कापला होता. राहिली ती फक्त एक म्हातारी, लहान मुलीच्या तोंडचा खाऊ हिसकावल्यासारखी, केस सुटलेली, तोंड उघडं. खाली लिहिलं होतं, पक्ष्यांना उपाशी मारणारी खडूस आजी. त्यावर हसणारे चेहरे. कुणी लिहिलं होतं, घरच्यांनी हाकलून दिलं असणार. कुणी लिहिलं होतं, हिलाच समुद्रात टाका.

कचेरीत जेवणाच्या वेळी शेजारच्या टेबलावरच्या मुलाने मोबाइल पुढे केला. "मॅडम, हे बघा, तुमच्या गिरगावातलं." सगळे वाकून बघत होते, हसत होते. मी बघितलं आणि म्हटलं, "ही माझी आई आहे."

डबे उघडे तसेच राहिले. मग तो मुलगा म्हणाला, "सॉरी मॅडम, मला खरंच माहीत नव्हतं." आणि थोड्या वेळाने, भाजी वाढून घेत, आमच्या सेक्शनमधल्या एक बाई म्हणाल्या, "पण काही म्हण हं, आजींनी असं हिसकावायला नको होतं. लहान मूल होतं ना." बाकीच्यांनी माना हलवल्या. कुरवाच्या पोटात काय निघालं होतं ते मी सांगायला सुरुवात केली, तर त्या म्हणाल्या, "अगं, जेवताना नको."

संध्याकाळी दादाचा फोन आला. वहिनीच्या माहेरच्या ग्रुपवर व्हिडिओ पोचला होता. "आईला आवर जरा," दादा म्हणाला. "इथे सोसायटीत मान खाली घालायची वेळ आलीय." चार हिवाळ्यांत तो एकदाही आईबरोबर चौपाटीवर गेला नव्हता. मी म्हटलं, "तू येऊन आवर." त्याने फोन ठेवला.

मी आईला व्हिडिओ दाखवणार नव्हते. चाळीतल्या कुणीतरी दाखवला, कौतुकाने, आजी फेमस झाल्या म्हणून. मी घरी आले तेव्हा ती कॉटवर बसली होती.

"मी अशी दिसतंय?" तिने विचारलं.

"नाही, आई. कुणीही ओरडताना तसंच दिसतं."

"माका वाटला, मी त्यांका समजावतंय." मग उठून केसांचा घट्ट अंबाडा घातला आणि भाताचं आधण ठेवलं. दुसऱ्या दिवशी ती चौपाटीवर गेली नाही. त्यानंतर कधीच गेली नाही.

पुढे त्या व्हिडिओचं वारं फिरलं. कुणीतरी त्याला नवीन ओळ जोडली, पर्यावरणासाठी लढणारी रणरागिणी आजी वगैरे, आणि तेच लोक आता हात जोडलेल्या खुणा टाकायला लागले. समुद्रकिनारा साफ करणाऱ्या एका मंडळाची मुलं-मुली पत्ता शोधत घरी आली. सगळ्यांचे टी-शर्ट एका रंगाचे. रविवारच्या मोहिमेला आजींनी यावं, दोन शब्द बोलावे, सत्कार करू. मुलं मनाने चांगली होती. आईने त्यांना चहा दिला, चिवडा दिला. एकीने विचारलं, आजी, तो मेलेला पक्षी हातात घेतला तेव्हा तुम्हाला काय वाटलं, आणि मोबाइल समोर धरला. आई म्हणाली, "आता मला फोटो नको गो." ती मुलं गेल्यावर कपबशा विसळताना तिने मला म्हटलं, "त्यांका पक्षी नको, म्हातारी व्हयी."

चौपाटीवर नंतर एक पाटी लागली, पक्ष्यांना खाद्य घालू नये. लोक त्या पाटीशेजारी उभे राहून खाद्य घालतात. शेववाली बाई पाटीपासून थोडी पलीकडे सरकली, एवढाच फरक. गेल्या हिवाळ्यात मी एकदा तिथून जात होते तेव्हा तिने मला ओळखलं. "आजी बऱ्या आहेत ना? त्यांना म्हणावं, या. मी रागावले नाही." आणि नको नको म्हणताना माझ्या हातात शेवेची एक पिशवी कोंबली, आजींना द्या म्हणून. माझ्या मागे कुणीतरी टाळ्या वाजवल्या आणि पक्षी किंचाळले. मी वळून बघितलं नाही.

आईने ती शेव बरणीत ओतली. चहाबरोबर थोडी खाल्लीही, तिखट आहे म्हणाली. मग पिशवीची गाठ सोडवून ती धुतली, दोरीवर वाळत घातली आणि वाळल्यावर घडी करून कपाटात ठेवली.

कारण आता आमच्या घरातून प्लास्टिक बाहेर जात नाही. हे कधी सुरू झालं ते मला नीट सांगता येणार नाही, पण दुधाच्या पिशव्यांपासून झालं. आधी ती कोपरा पूर्ण न कापता नुसती चीर द्यायला लागली, ते मला पटलं. मग पिशव्याही टाकेना. मग बिस्किटांचे पुडे, औषधांची पाकिटं, वाण्याच्या पुड्या, मी ऑफिसातून आणलेलं काहीही. सगळं धुऊन, घडी करून. आधी कपाटाचा एक खण, मग वडिलांच्या कपड्यांची ट्रंक, मग कॉटखाली. आमची खोली केवढीशी. मी चिडले, भांडले.

"आई, हे घर आहे की कचऱ्याचं गोदाम?"

"भायर गेली की खंय जातली ता कोणाक म्हायत?" ती म्हणाली. "घरात आसा तोपर्यंत कोणाच्या पोटात जावची नाय."

"अगं, आपण नेऊन देऊ, ते लोक वितळवतात, परत वापरतात."

"तू बघितलंस? तुझ्या डोळ्यांनी?"

नव्हतं बघितलं.

दादाला सांगितलं तर तो म्हणाला, वयाने होतं असं, मनाच्या डॉक्टरला दाखव. मी दाखवलं. त्यांनी झोपेच्या हलक्या गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांची रिकामी पाकिटंही आता कॉटखाली आहेत. काकू पूर्वीसारख्या आत येऊन बसत नाहीत, दारातूनच बोलतात. चाळीचं रिडेव्हलपमेंट होणार आहे, कधीतरी खोली रिकामी करावी लागेल, तेव्हा या ट्रंकांचं काय करायचं ते मला कळत नाही.

सध्या मी एवढंच करते. आई सकाळी पूजेला बसली की कॉटखालचा एक गठ्ठा काढून माझ्या पर्समध्ये, डब्याखाली दडपते. फोर्टमध्ये उतरले की कचेरीच्या कोपऱ्यावरच्या कचरापेटीत टाकते. पेटी बहुतेक वेळा वर भरून वाहत असते. वारा असला की वरच्या पिशव्या उडतात, रस्ता ओलांडतात, गाड्यांच्या चाकांखालून निसटून पुढे जातात. ऑफिसला उशीर झालेला असतो. त्या कुठे जातात ते बघायला मी थांबत नाही.

आईला गठ्ठे कमी झालेले कळत असणार. परवा मी पर्स उघडली तर तिने आधीच पिशव्यांची एक घडी डब्याखाली ठेवलेली होती, नीट, कडा जुळवून. पिशवी बाहेर जायचीच असेल तर ती माझ्या हातून जावी, असं तिने ठरवलेलं दिसतं.